हजरत आणि पाण्याखालचा पत्ता

जगातल्या प्रत्येकाचा पत्ता ठाऊक असलेले दोनच जण आहेत. एक ती शोधाची कंपनी आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. आणि या दोघांत कधी वाद झालाच तर मी डोळे मिटून मामांच्या बाजूने उभा राहीन. एकदा कंपनीच्या बाजूने उभा राहिलो होतो, तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होतो. ते पुढे येईलच.

मामा म्हणजे माजलगावच्या धरणाकाठी वसवलेल्या एका पुनर्वसित गावचे निवृत्त पोस्टमन. उंची बेताची, मिश्या उंचीच्या मानाने जरा जास्त, आणि खांद्याला अजून तीच खाकी पिशवी. आता त्या पिशवीत टपालाऐवजी मोबाईल असतो, त्याचा चार्जर असतो आणि चष्म्याच्या दोन डब्या असतात, पैकी एकीत सुपारी. कंपनीचं नाव मामांनी आयुष्यात घेतलेलं नाही. ते तिला 'हजरत' म्हणतात. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्याला समदं ठावं असतंय त्याचं नाव घेऊ न्हाई, असं आमचे आजोबा सांगायचे. ते निजामाबद्दल सांगायचे. पर निजामाला तरी माझा गुडघा कोणता दुखतोय ह्ये कुठं ठावं व्हतं?" हजरतला काही विचारायचं तर मामा पत्र लिहितात. एका बोटाने, सावकाश, मायना घालून. 'श्री. हजरत यांस, सा. न. वि. वि. आमच्या म्हशीने परवापासून वैरण सोडली आहे. तरी उपाय कळवावा. कळावे, लोभ असावा.' आणि उपाय 'कळावे'च्या आत आलेला असतो. याच गोष्टीची त्यांना धास्ती वाटे. "जन्मभर टपाल वाटलं, जावईबापू. आधी पत्र जातंय, मग उत्तर येतंय. इथं मी नुसतं 'माझा' लिवलं की ह्ये पुढचं लिवून मोकळं." त्यांनी मला लिहून दाखवलं. 'माझा' म्हटल्याबरोबर खाली आपोआप ओळ आली: माझा भाऊ कुठे आहे. मी हसलो. मामा हसले नाहीत.

हजरत ऐकतात, यावरही मामांचा ठाम विश्वास. म्हशीच्या गोठ्यात उभं राहून ते मुद्दाम मोठ्याने म्हणत, "ट्रॅक्टर घ्यावा म्हणतो बुवा!" आणि संध्याकाळी फोनवर ट्रॅक्टरच्या जाहिराती आल्या की मामींना दाखवत. त्यामुळे घरात महत्त्वाचं बोलणं निघालं की सगळ्यांचे फोन गोळा करून ज्वारीच्या कणगीत हातभर खोल पुरायचे, असा नियम. मामांच्या मुलीच्या सोयरिकीची बैठक बसली तेव्हा पाहुण्यांचेही फोन असेच पुरले गेले. मी शिकलेला माणूस. परळीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या खुळाला भीक न घालता मी माझा फोन गुपचूप खिशात ठेवला. मुलाचे काका गंभीर आवाजात मुलीच्या स्वभावाबद्दल विचारत होते, सगळं घर श्वास रोखून होतं, आणि माझ्या खिशातून एक बाई अतिशय नम्रपणे म्हणाली, "माफ करा, मला हे समजलं नाही." लग्न झालं, चांगलं झालं, पण ते काका अजून मला पाहिलं की स्वतःचे खिसे चाचपतात.

निवृत्त झाल्यावर मामांना नकाशाचा नाद लागला. हजरतच्या नकाशावर धरणाच्या जागी नुसता निळा रंग आहे, आणि त्या निळ्याच्या खाली मामांचं जुनं गाव आहे. तो कोरा निळा मामांना बघवेना. नकाशात कुणालाही जागा नोंदवता येते हे मीच त्यांना शिकवलं होतं (माझ्या चुकांची यादी इथून सुरू होते), पण माझ्या मनात पिठाची गिरणी किंवा फार तर झेडपीची शाळा होती. मामांनी पहिली खूण केली पाण्याच्या मधोमध: पोस्ट ऑफिस, वेळ दहा ते चार. मग चावडी. मग बारव. मग मारुती. मग बाजारतळ, दर गुरुवारी. मग घरं, आणि तीही वाटेल तशी नाहीत, तर सायकलवरून टपाल वाटत ज्या क्रमाने जायचे त्या क्रमाने. हजरतने एकही खूण नाकारली नाही. उलट महिन्याच्या महिन्याला शाबासकीचं पत्र येई. मामांनी त्यातलं एक छापून घेऊन टपाल खात्याच्या प्रशस्तिपत्रकाशेजारी लावलं.

आता एक गोष्ट, जी मला तेव्हा माहीत नव्हती, ती तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझा मूर्खपणा तुम्हाला नीट मोजता येईल. मामांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना अण्णा म्हणत, गाव उठायच्या वर्षी ऊसतोडीला गेले होते. मुकादमाशी भांडून मध्येच टोळी सोडली आणि कुठेतरी पुढे निघून गेले. मग त्यांचं एक कार्ड आलं: पाडव्याला येतो. जुन्या गावात मामांनी वाटलेलं ते शेवटचं टपाल, आणि ते त्यांच्याच घरचं. पाडव्याच्या आधीच गाव उठलं. लोकांनी दारं, चौकटी, तुळया काढून नव्या जागी नेल्या. पाडव्याच्या दिवशी मामा नव्या गावात पत्रे ठोकत होते. अण्णा आले असतील तर त्यांना काय दिसलं असेल? दारं नसलेल्या भिंती, आणि सांगायला कुणी नाही. "त्या दिशी मी तिथं जाऊन हुबं ऱ्हायला पायजे व्हतं," एवढंच मामा म्हणतात. नव्या गावाचा पत्ता अण्णांना ठाऊक नाही. ते कुठे असलेच आणि कधी त्यांनी शोधलंच, तर जुन्याच गावाचं नाव टाकणार. म्हणून मामांनी पाण्यातल्या घराच्या खुणेखाली आपला फोन नंबर दिला होता, आणि घराची वेळ लिहिली होती: चोवीस तास उघडे.

यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. मामांना जावई तीन, त्यात मी भाचेजावई असूनही मानाचा, त्यामुळे धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. बायको दोन दिवस आधीच मदतीला गेली होती. मामांनी फोनवर 'घर' असं बटण दाबून मला वाट पाठवली. वास्तविक त्या गावाला मी पाच-सहा वेळा गेलेला माणूस. पण हे न्हाणीघरात जातानाही नकाशा लावतात, असं माझी बायको चारचौघांत सांगते आणि ते फारसं खोटं नाही. फाट्यावर नेहमी डावीकडे वळतो, तिथे फोनमधली बाई म्हणाली, "सरळ जा." गेलो. डांबर संपलं, मुरूम लागला, मग मुरूमही संपून तडकलेला गाळ लागला. धरण खाली गेल्यावर जुना रस्ता उघडा पडला होता. दोन्ही बाजूंना बाभळीची काळी खोडं, आणि मैलाचा एक दगड, ज्यावरची अक्षरं पाण्याने पुसली होती. सूर्य बुडायला टेकला होता. "दोनशे मीटर सरळ जा," बाई म्हणाली. समोर पाणी दिसत होतं. मला वाटलं, अलीकडे वळण असेल. "आपण पोहोचला आहात," ती म्हणाली, "आपले ठिकाण डाव्या बाजूला आहे." गाडीची पुढची चाकं गाळात बसली. मी नवी पँट, हातात पेढ्यांचा डबा, अशा अवस्थेत उतरलो आणि माझेही पाय बसले. डाव्या बाजूला पाणी होतं. तांबडं, गुळगुळीत, एक सुरकुती नसलेलं.

थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एकजण जाळं ओढत होता. हा किसन.

"कुणाकडं?" त्याने विचारलं, जसं काही मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो.

"पोस्टमन मामांकडे."

"मंग बराबर आलात. ह्येच त्यांचं घर." त्याने वल्ह्याने पाण्याकडे दाखवलं. "पर आत्ता तिथं कुणी नसतंय. नव्या घराला जावा. फाट्यावरनं डाव्या अंगाला."

"माझ्यासारखे आणखी कुणी येतात का?"

"येतात की. मागं एक म्हातारं माणूस आलतं. गाडीतनं उतरलं, काठाला चपला काढल्या, घटकाभर हुबं ऱ्हायलं. मला वाटलं पाण्यात शिरतंय का काय. मंग चपला हातात घिऊन परत गेलं."

"काही बोलले?"

"पाठमोरं व्हतं."

मी उसनं अवसान आणून फोनकडे पाहिलं. नकाशावर माझा निळा ठिपका काठाला होता आणि जरा पुढे, पाण्याच्या आत, मामांच्या बाजारतळाखाली कंपनीने लिहिलं होतं: सध्या नेहमीपेक्षा जास्त गर्दी आहे. मी मान वर केली. एक बगळा होता. मी विज्ञानाचा शिक्षक, म्हणून लगेच खुलासा केला, स्वतःलाच: मासेवाल्यांचे फोन. कंपनी फोन मोजते.

"किसनराव, तुमच्याकडे फोन कोणता?"

"पाण्यात फोन कोण आणतंय, सर? पडला की गेला. आमी कुणीच न्हाई आणत."

गाडी काढायला त्याने आणि आणखी दोघांनी हातभार लावला. मी मागे वळून पाहिलं नाही, एवढंच माझ्या शौर्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

घरी पोहोचलो तर सगळं घर अंगणात. माझे पाय पाहून मामी म्हणाल्या, "अधिकात जावयाचे पाय धुवायचे असतात, ह्ये तर धुवूनच आले!" मग जे हसू उसळलं ते धोंडे वाढून होईपर्यंत थांबलं नाही. मामांनी मात्र पुरण कालवता कालवता विचारलं, "जुन्या घराला गेलतात. बसा म्हणलं का कुणी?" पुन्हा सगळे हसले. मी रागाने गर्दीची गोष्ट सांगितली, वाटलं आता तरी चरकतील. गुरुवार होता. मामा म्हणाले, "बेस्तरवार हाय ना आज. बाजार असतोय," आणि तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. किसनने सांगितलेल्या म्हाताऱ्याचं मी बोललोच नाही. माझ्या पँटपुढे मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

अपमान आणि पुरण दोन्ही पचायला जड. दुसऱ्या दिवशी परळीला परतलो, सुट्टीतल्या जादा वर्गांसाठी शाळेत गेलो, स्टाफरूममध्ये टेबलावरची राख पुसली (आमच्याकडे थर्मल वीजकेंद्राची राख रोज नव्याने बसते) आणि फोन काढला. माझ्या मनात लोककल्याण होतं, असं मी स्वतःला सांगितलं. उद्या एखादा पाण्यात गेला तर? मामांच्या घराच्या खुणेवर बोट ठेवलं. 'बदल सुचवा.' मग 'ही जागा अस्तित्वात नाही.' मग तोच उद्योग बाजारतळावर, चावडीवर, मारुतीवर केला. दोन तास मोकळे होते, सगळं गाव केलं. संध्याकाळपर्यंत उत्तर: 'आभार! तुमच्यामुळे नकाशा अधिक अचूक झाला.' इतकी निर्मळ शाबासकी मला मुख्याध्यापकांनी कधी दिली नव्हती. मी बायकोला दाखवणार होतो, पण का कोण जाणे, दाखवली नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी मामांचा फोन आला. आवाज कणगीतून आल्यासारखा.

"जावईबापू, गाव गेलं."

"कुठं गेलं?"

"पुन्ना पाण्यात गेलं."

मी शाळेतून तसाच निघालो. मामा ओसरीवर बसले होते, फोन मांडीवर, शेजारी कागदांचा गठ्ठा. तीन दिवसांत हजरतला त्यांनी चौदा अर्ज केले होते, मायन्यासकट. "ह्येचं ऑफिस कुठं असतंय? कुणाच्या टेबलाला जायचं? निजामाचं तहसील तरी दिसायचं, दारात शिपाई तरी असायचा." मग त्यांनी मला एक मेल दाखवला. मी गाव पुसलं त्याच दुपारी आलेला. आपल्या जागेखाली कुणीतरी लिहिलं आहे, असं त्यात होतं. नाव नव्हतं. मजकुराचे सुरुवातीचे चार शब्दच दिसत होते: 'कडी अजून खालीच हाय…' पुढचं वाचायला बोट लावलं की पांढरा पडदा आणि त्यावर: ही जागा आता उपलब्ध नाही.

मी समोरच्या दाराकडे पाहिलं. सागवानी, जुनं, जुन्या गावातून उचलून आणून नव्या सिमेंटच्या भिंतीत बसवलेलं. त्याची कडी चौकटीच्या वर नाही, खाली उंबऱ्याशी आहे. मामांच्या आजोबांनी सुताराशी भांडण केलं आणि सुताराने कडी खाली लावून सूड उगवला, तेव्हापासून या घरात शिरणाऱ्याला आधी वाकावं लागतं.

"गल्लीत समद्यालाच ठावं व्हतं कडीचं," मामी आतून म्हणाल्या. "कुणीबी लिवलं असल."

"असल," मामा म्हणाले. "पुढं काय लिवलं व्हतं तेवढं कळलं असतं म्हंजे झालं असतं."

मी त्यांचा फोन कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "मामा, ते मी केलं."

"काय?"

"गाव मी काढलं. नाही म्हणून दाबलं. आणि त्या दिवशी किसन म्हणत होता, कुणी म्हातारे काठाला येऊन गेले, चपला काढून उभे होते. तेही मी सांगितलं नाही."

मामांनी बराच वेळ माझ्याकडे नाही, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. "गाव उठवायला सरकारला किती वर्सं लागली, जावईबापू. मोजणीदार आले, सायेब आले, नोटिसा आल्या. त्या नोटिसा मीच वाटल्या, घरोघरी, सही घिऊन. तुमच्या अंगठ्यानं नोटीसबी न्हाई दिली." मग गठ्ठा उचलत, "लई ताकदीचा अंगठा हाय. जेवून जावा."

मी जेवलो नाही. घर परत नोंदवायला बसलो. पण आता हजरत पुरावा मागत होते. पाण्याचा फोटो पाठवला: 'छायाचित्रात जागा दिसत नाही.' मामा कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभे राहिले: 'व्यक्तीचे छायाचित्र स्वीकारता येत नाही.' तेव्हा मामा ओसरीवर येऊन दाराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाना आणा."

चौकटीसकट दार काढून माझ्या गाडीच्या टपावर बांधलं आणि जुन्या रस्त्याने, जिथे बाई 'पोहोचला आहात' म्हणाली होती तिथे, पाण्याला पाठ करून उभं केलं. मागून धरायला मी आणि किसन, दिसू नये म्हणून उकिडवे. संध्याकाळ होती, वारा अजिबात नव्हता. मामा "जरा डावीकडं, सरळ, हां" म्हणत मागे मागे गेले. मी दाराला खांदा लावून बसलो होतो, पुढ्यात पाणी. तेवढ्यात दाराच्या पलीकडून कडी वाजली. दोनदा. सावकाश, कुणी वाकून वाजवावी तशी. मी म्हटलं, "हां मामा, धरलंय." दाराआडून डोकं काढलं. मामा शंभर पावलांवर, मैलाच्या दगडापाशी, दोन्ही हातांनी फोन धरून उभे होते.

"वारं," किसन म्हणाला. पण त्यानेही आवाज खाली आणला होता.

"डोकं आत घ्या!" मामा ओरडले. मी इतक्या आनंदाने कुणाची आज्ञा कधी पाळली नाही.

हजरतने तो फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी मान्य केला. नुसतं एक दार, मागे पाणीच पाणी. आज तुम्ही त्या निळ्यात शोधलंत तर ते दिसेल: चोवीस तास उघडे. बाकीचं गाव मी आणि मामा सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं परत वसवतोय, टपालाच्या क्रमाने. तो मजकूर मात्र परत आला नाही. दार पुन्हा घराला बसवलं, पण मामा आता कडी लावत नाहीत. कुत्री शिरतील म्हणून मामी बडबडतात. मामा म्हणतात, "शिरू दे. ज्याला यायचं त्याला आता ह्या वयात वाकायला हुतंय का?"

आणि मी? दर गुरुवारी माझा फोन मला आपण होऊन विचारतो. परळीत, वर्गात, फळ्यासमोर मी असलो तरी विचारतो: 'तुम्ही या ठिकाणी गेला होता. ही जागा अजून आहे का?' खाली दोन बटणं असतात. सगळं ठाऊक असलेल्या हजरतनी हे मला का विचारावं, हे मला कळत नाही. मी खडू खाली ठेवतो, अंगठा सदऱ्याला पुसतो आणि 'हो' दाबतो.